दाजी वाजून राह्यला

५ नोव्हेंबर, मोरबी
टाइल उचलून बोटं सोलली. रूमवरच्या बिहारी पोराले कोणंतरी सांगितलं का मी सिंगर होतो. त्यानं मोबाइलवर शोधून लावलंच —
या ना दाजी जेवाले, ताट मांडलं वावरात,
पट्ट्यापट्ट्याचं स्वेटर घालून बसा आमच्या घरात.
दाजी म्हणजे वाघ, सांगितलं तं लोळून लोळून हसला. मले नाही आलं हसू.

९ नोव्हें.
ते गाणं गावात, रफिकच्या गॅरेजात रेकॉर्ड केलतं. मागून पान्यानं पेट्रोलची टाकी वाजवली त्यानं. एक लगनसराई नुसतं तेच गाणं. पांढरकवड्यात स्टेजवर गेलतो, चमकीचा शर्ट. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. दुसरं गाणं काढलं, त्याच्यावर कुत्रं नाही नाचलं. मंग मागच्या कापसात केळापूरकडं वाघानं वेचणारी बाई नेली. डीजेवाल्यानं दाजी बंद केला. चौकात म्हातारी म्हणे, "बोलावलं ना रे तुनं? आला."
त्याच हप्त्यात इकडं आलो.

१४ नोव्हें.
बाबाचा फोन. तुरीत डुकरं घुसून राह्यली, रोज रात्री वावरात जागलीले जातो म्हणे. मागून माहाच आवाज! दिवाळीत गेलतो तवा मीच भोंगा बसवून देल्ला, बॅटरीचा. चालू केला का कोणी बंद करेस्तोर आपोआप वाजते. कार्डात कुत्र्यायचे अन् फटाक्यायचे आवाज भरले होते मी. बाबानं रफिकजवळून गाणं भरून आणलं.
"बाबा, ते नका लावू."
"काहून? माह्या पोराचं हाये. गावानं बंद केलं, मी कायले करू?"

२१ नोव्हें.
रफिक सांगे, आमच्या वावराखालच्या नाल्यात पंजे दिसले, रेतीत. फॉरेस्टवाले एकट्यानं जाऊ नका म्हणून गेले. साऱ्यायनं जागल सोडली. बाबा जातेच.
"समजाव ना त्याले."
"मी? मलेच म्हणे, बस रफिक, आयक पोरगं कसं गाते."
सुट्टी मागितली. सुपरवायझर आयकतच नाही.

२४ नोव्हें.
फोन केला तं बाबा हसते. म्हणे उजाडलं का मचाणावरून उतरतो, भोंगा बंद करतो. "गाणं थांबलं का तुही माय चुलीवर चहा मांडते. घड्याळ झालं तुहं गाणं."
वाघाचं बोललो तं म्हणे, दाजी हाये, घरचाच.
बाबानं असं नव्हतं बोलाले पायजे.

२७ नोव्हें.
सकाळची पाळी. गेटवर होतो, आईचा फोन. ऊन वर आलं म्हणे.
"बाबा आले?"
"नाही रे. गाणं चालू हाये ना अजून. आज रमले वाटते. थांबलं का मांडतो चहा."
फोन आंगणात धरला तिनं. आयकू आलं. या ना दाजी.
भोंगा आपोआप वाजते हे नाही सांगितलं तिले. बाबाले लावला, रिंग जाते, उचलत नाही.
रफिकले लावला. "निघालो, माणसं हायेत सोबत. फोन ठेवू नको."
पाळीत गेलो नाही. गेटजवळ बसलो, एका हातात फोन, एका हातानं हे लिहून राह्यलो. नुसता गाडीचा आवाज. गाडी थांबली. काका, काका, ओरडून राह्यला. तुरीत चालून राह्यले, खसखस येते. गाणं बारीक होतं, मोठं होऊन राह्यलं. आता लयच मोठं.
रफिक गप झाला.
बंद झालं गाणं.
तिकडं आईनं चहा मांडला असन.