जुन्या कीबोर्डमधली हलगी

१२ नोव्हेंबर, बुधवार
हळदीच्या कार्यक्रमात वाजवताना माझ्या कीबोर्डचा वरचा सा गेला. आता मुक्या पट्ट्या चार. त्या चुकवत वाजवायचं म्हणजे गाणंच वाकडं करायचं. आमचे गायक उत्तमकाका माइकवरून म्हणाले, "आमच्या ग्रॅज्युएट बाईंच्या पेटीचं दात पडल्यात." मांडव हसला. मीही.
मग घरी येऊन माझ्या वडिलांना, आबांना म्हणाले: "आवं दादा, बदला आता. मिरजेत एक दुकानदार हाय, जुना घिऊन नवा देतोय."
पंधरा वर्षांचा कीबोर्ड. कोण घेतं? आणि का?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दुकानदार स्वतः आष्ट्याला आला. मुक्या पट्ट्या दाखवल्या, बघितल्याही नाहीत. थेट हलगीचा रिदम लावायला सांगितला. दोनदा ऐकला. जाताना: "आतलं काय पुसू नका हां ताई. हाय तसं द्या."
आतलं म्हणजे आबांची हलगी. उजवा हात लुळा पडायच्या आधी एकेक ठोका वाजवून त्यांनी बारा रिदम यात भरले. दुसरीकडे कुठेच नाहीत. उतरवून घ्यावेत तर याला फ्लॉपी लागते, आणि तो भाग कधीच बंद पडलाय.
त्याच्यासोबत आलेले उत्तमकाका नजर चुकवत होते. की मलाच वाटलं?

१६ नोव्हेंबर, रविवार
कीबोर्ड माझ्या कपाटात. किल्ली ओढणीच्या गाठीला. आई म्हणते, "सोनं हाय व्हय त्यात?"
कॉलेजात मीच भाषण केलं होतं, कला सगळ्यांची असते म्हणून. टाळ्या मिळाल्या होत्या. आता कुलूप.
पण चार पट्ट्यांविना हा लग्नसराईचा हंगाम निघायचा नाही, हेही खरं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सातारा. मैत्रिणीची हळद. दुसऱ्याच बँड पार्टीचा नवाकोरा कीबोर्ड आणि त्यातून आबांची हलगी!
चौथ्या आवर्तनात डाव्या हाताच्या बारीक काडीचा ठोका केसभर उशिरा पडतो. लहानपणापासून ऐकतेय. चूक होणं शक्य नाही.
वाजवणाऱ्याला विचारलं, हा रिदम कुठला?
"मिरजेतनं घेतलाय. कुणाच्या तरी मोबाइलवरनं बनवलाय म्हणं. लय चालतोय."
"अजून आहेत असे?"
"हा एकच. बाकीचं अकरा येणार हायती म्हणालाय दुकानदार."
अकरा. आकडासुद्धा माहीत आहे त्याला. आमच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ कुणाच्या मोबाइलवर असतात, हे मलाही माहीत आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उत्तमकाकांना सरळ विचारलं.
"ऐकवली त्याला. चांगलं हाय म्हणून ऐकवली. शिकलीस म्हणून आमी चोर झालो व्हय गं?"
चहा न घेता गेले. खरं बोलले असतील. पण मग अकराचा आकडा त्याला कसा कळला...
आबा खाटेवरून सगळं ऐकत होते. मला वाटलं, चोरीवर भडकतील.
"कुठला ठोका उशिरा पडतोय म्हणालीस?"
सांगितलं.
"मी? मी कवा उशिरा वाजवलंय? पेटीचीच खोट ती! साताऱ्यापातुर माझ्या नावानं चुकीचं वाजतंय, आन् तू कुलूप लावून बसलीयास. दिऊन टाक ती. नवीत नीट बसवू. उजवी बाजू तू वाजीव, डावा हात हाय की माझा अजून."

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी चहानंतर आबांनी खाटेच्या फळीवर डाव्या हाताने काडी धरली. उजव्या बाजूला मी. एक, दोन, तीन आवर्तनं. चौथ्यात केसभर उशिरा.
"बघ. बराब्बर हाय का न्हाई?"
"बरोबर आहे आबा."
किती दिवसांनी असे हसले.
दुकानदार उद्या दहाला येतोय. सगळं पुसून द्यायचं म्हटलं तर बटणं मला पाठ आहेत. दुपारी दोनदा कपाट उघडलं, हलगी लावली, चौथ्या आवर्तनापर्यंत ऐकली, बंद केली.
किल्ली ओढणीलाच आहे.