पंखाच्या आतले नाव

मी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता (तशी कोणाची टाप नाही) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीची दोन्ही रद्द समजावीत. तेव्हा मी उगाच उदार झाले होते.

१. शिलाई मशीन व कपाट धाकट्या बहिणीला. माझ्या मोत्यांच्या कुड्या तिच्याकडून 'हरवल्या' होत्या. त्या तिने आता उघडपणे घालाव्यात.

२. वडिलांची वाकडी सुई व मेणाचा गोळा हवाई दलाच्या संग्रहालयाला. वडील इंग्रजांच्या हवाई दलात साधे मेकॅनिक होते. विमाने तेव्हा लाकडाची आणि कापडाची असत. वडील व त्यांचा जोडीदार लंबू पंखांवर कापड शिवत, वर रोगण चढवत. घरी आले की वडिलांच्या हातांना त्या रोगणाचा, पिकल्या केळ्यांसारखा वास येई. तो वास आला की मी अजून सहा वर्षांची होते.

शेवटचा टाका घालण्याआधी दोघे आतल्या लाकडावर पेन्सिलीने आपापले पूर्ण नाव लिहीत. शिवणाऱ्यांपैकी एकाने पहिल्या उड्डाणाला वैमानिक अधिकाऱ्याच्या मागे बसायचे, हा रिवाज. एकदा पाळी वडिलांची होती, पण त्यांना ताप होता, लंबू बसला. वर गेल्यावर पंखाचे कापड फाटले. लंबू रांगत पंखावर गेला आणि फाटक्या जागेवर पालथा पडून राहिला. विमान उतरले. चाके टेकल्याच्या धक्क्याने तो फेकला गेला आणि जागीच गेला. पदक अधिकाऱ्याला मिळाले. ते विमान आज संग्रहालयात आहे. पाटीवर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, आणि पुढे 'व एक मेकॅनिक'.

हा एक कोण, असे मी तिथल्या साहेबांना विचारले.

"बाई, खालच्या लोकांची नावं कोण लिहून ठेवतं?"

"त्यांनी स्वतःच लिहिलीत. पंख उसवा."

मूळ कापडाला हात लावता येत नाही, हे मला इंग्रजीत ऐकवण्यात आले. मी त्याहून बऱ्या इंग्रजीत उत्तर दिले. शाळेतल्या नन्सनी ते गप्प बसायला शिकवले नव्हते.

३. राहते घर भाच्याला. मात्र संग्रहालयातल्या त्या पाटीवर लंबूचे पूर्ण नाव, अधिकाऱ्याच्या नावाएवढ्याच अक्षरांत, लागल्यावरच. या घरासाठी तो नऊ वर्षे दर रविवारी माझी तब्येत विचारतो आहे. तीच चिकाटी संग्रहालयाच्या दारात दाखवावी. पाच वर्षांत न जमल्यास घर मेकॅनिकांच्या प्रशिक्षणशाळेला.

४. मावशीने नावच लिहून का दिले नाही, असे भाचा म्हणेल. वडील जन्मभर 'लंबू'च म्हणत. खरे नाव विचारायचे मला सुचले, तेव्हा वडील राहिले नव्हते. ते नाव आता पंखातल्या त्या लाकडावरच आहे.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
तारीख: ४ ऑगस्ट १९८१
(सही)

साक्षीदार, दोघांनीही मला लिहिताना पाहिले:
१. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)