मंगळवारचा नारळ

बाबा, तू म्हणशील मी परत आईचीच बाजू घेतो. घेतोच. तिने तुला इतकी वर्षं ओढलं, तिची बाजू नको घेऊ तर कोणाची? पण मशेरीचं तुझं बरोबर होतं, एवढं लिहितो. सकाळी चुलीवर तवा ठेवून ती तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका, आणि रात्रीच्या दारूने डोकं धरून बसलेला तू पडवीतून ओरडायचास, "माझी बाटली सगळ्यांका दिसता, तुझो डबो कोणाक दिसणा नाय." आई बोट दातांवर फिरवत तशीच म्हणायची, "मशेरी लावन कोण गटारात पडूक नाय." तुमच्या भांडणात ती दरवेळी याच वाक्यावर जिंकायची.

तर आता ऐक. तिची दाढ दुखायला लागली. दोन महिने लवंग धरून मासे विकत बसली, मग सरकारी दवाखान्यात गेली. दातांच्या डॉक्टरने दाढेपेक्षा गालाच्या आतच जास्त बघितलं. पांढरा चट्टा आहे म्हणाला. मशेरी आत्ता सोडली तर जाऊ शकतो, नाही सोडली तर पुढचं सांगता येणार नाही. आणि नुसतं सोडा म्हणून घरी नाही पाठवलं, बाजूच्या खोलीत पाठवलं. तिथे एक मुलगी बसते, व्यसन सोडवायला मदत करणारी. तिने चघळायच्या गोळ्या दिल्या, तल्लफ आली की करायला फोन नंबर दिला, आणि दर मंगळवारी बैठकीला यायला सांगितलं.

बैठकीत सगळे दारूवाले. आई पहिल्या दिवशी दारातच उभी. एकजण सरकून जागा देत म्हणाला, "येवा काकी, बसा. तुमी खंयची घेतास?" आई म्हणाली, "मी मशेरी लावतंय, मेल्या." सगळी खोली हसली, आणि फोनवर सांगताना तीही हसत होती. आता ती त्यांची काकी. कोण घसरला की त्याला तीच आधी झाडते. त्यांच्याकडून तिला कळलं की दारू सोडताना हातपाय कापतात तेव्हा दवाखान्यात ठेवून घेतात, औषध देतात, नंतरही गोळ्या असतात, बायकोला बोलावून तिच्याशीही बोलतात. "बायलेक कित्याक?" आईने विचारलं. तो माणूस म्हणाला, "काकी, ती पण दमलेली असता मां."

एवढं सांगून आईने "मासे आवरूचे आसत" म्हणत फोन ठेवला.

तुझ्या वेळी काय होतं? देवळात नारळ ठेवला होता, तेवढंच. मी तुझा हात धरून उभा होतो. गावकर गाराणं घालत होते, ह्या लेकराची दारू सोडव म्हाराजा, आणि सगळा गाव म्हणत होता, व्हय म्हाराजा. तू पाळलंस की. गणपतीत पाळलंस, शिमग्यात पाळलंस. मग राखण आली, गावाच्या राखणदार देवाला वर्षाचा मान द्यायचा दिवस. राखणदाराला कोंबडा दिला, दारू दाखवली, उरलेली वाटायला घेतली आणि द्रोण तुझ्यापुढे आला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? तू घेतलास. त्यानंतर देवळाच्या वाटेनेसुद्धा गेला नाहीस. आईने परत नारळ ठेवूया म्हटलं तर म्हणालास, "आता खंयच्या तोंडान जाव?" त्या एका द्रोणानंतर तू थांबलाच नाहीस.

गेल्या महिन्यात आईपण घसरली. मावशीकडच्या लग्नात बायका माजघरात बसल्या, डबा फिरत फिरत आला आणि हिने बोट घातलं. मंगळवारी पिशवीत नारळ घेऊन गेली. नवस मोडला तर दंड भरायला नको? त्या मुलीच्या टेबलावर नारळ ठेवला आणि मान खाली घालून उभी राहिली. ती मुलगी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. असं होतं. नारळ घरी न्या, कालवणाच्या वाटपात घाला. पुढच्या मंगळवारी परत या."

त्या नारळाचं वाटप लावून आईने बांगड्याचं तिखलं केलं. रात्री फोनवर म्हणाली, "झिला, तुझ्या बापाशीक कोणी परत ये म्हणूक नाय रे." नंतर लगेच मलाच विचारलं की जेवलास काय. चट्टा थोडा फिका झालाय. डॉक्टर पुढल्या महिन्यात परत बघणार आहे.

मी सध्या वेरावळला, बर्फाच्या कारखान्यात. हॉटेल सोडलं, आंब्याच्या कलमांवरची राखणदारी सोडली, बोट सोडली, तू असतास तर म्हणाला असतास ह्याच्या बुडाखाली लाल मुंग्या आसत. असतील. पण एक गोष्ट सोडायला जमत नव्हती. इथे प्रत्येक नाक्यावर मावा मिळतो, सुपारी, चुना, तंबाखू चोळून. रोजचे तीस रुपये त्यात जात होते. आईला ठाऊक नाही. कारखान्यात कोणाला लागला तर म्हणून तिने दिलेला तो तल्लफेचा नंबर मी 'बघू' म्हणत घेतला होता, लावला. पलीकडच्या बाईने नाव नाही विचारलं, कधीपासून खाता तेवढं विचारलं. दहा दिवस नाही खाल्ला. अकराव्या दिवशी खाल्ला. मग परत फोन लावला.

दर महिन्याला आईला सहा हजार पाठवतो. पुरा महिना जमलं असतं तर नऊशे जास्त गेले असते. या वेळी सहा हजार तीनशे.