सेल्वी आणि माझी खुर्ची

तंजावूर, मंगळवार, संध्याकाळ

कॉफी समोर गार झाली, घोट घ्यावासा वाटत नाही. काय सुचलं मला? कोर्टात मुलांच्या सोबतीला बसणारी मी. मामाने केलेल्या मारहाणीबद्दल साक्ष द्यायची म्हणून नऊ वर्षांच्या सेल्वीला सांगून ठेवलं, भीती वाटली की माझ्याकडे बघ. ती दर प्रश्नाला माझ्या खुर्चीकडे बघू लागली. मामाचा वकील उसळला, "ही बाई पोरीला पढवतेय!" न्यायाधीशांनी मला बाहेर काढलं. व्हरांड्यात जीव टांगणीला. वाटलं, आता पोर गप्प बसणार, माझ्यामुळे.

बाहेर आली ती घामाघूम. "अक्का, सगळं सांगितलं."

"कुणाकडे बघून गं?"

"तुमच्या खुर्चीकडे. ती तिथेच होती ना."