‘नाही’ खोडलेला कागद

३ मार्च

ती. स्व. काकांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी कट्टी घेतल्यापासून घरच्या बातम्या कागदावर चालतात. आजची बरी नाही. बाबांच्या फुप्फुसांच्या सुजेवर महिनाभर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. आधी उतार पडला, दुकानात जाऊन एका बुटाची टाचही बसवून आले. मग पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या, खोकला बळावला. डोस वाढवला, तर आणखीच खालावले. परवापासून इस्पितळात आहेत. ऑक्सिजन लावलाय आणि ताप हटत नाही.

आज नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की त्यांनी कधी ओल्या मातीत अनवाणी काम केलं होतं का. एवढ्या काळजीतही मला हसू फुटलं. म्हटलं, अहो, ते बूट शिवतात, आम्हाला स्वयंपाकघरातही चपलेशिवाय पाऊल टाकू देत नाहीत! बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, थकले असतील. बाईंनी कागदावर ‘नाही’ लिहिलं.

काका, मला फार भीती वाटते. हात देणारं माणूस तुम्हीच आहात, माया असू द्या.
तुमची,
भिंगरी

५ मार्च, बसच्या ड्रायव्हरच्या हाती

चि. भिंगरीस अ. आ.

पुढचं वाचण्याआधी बाईंकडे जा आणि सांग, की ‘नाही’ खोडा. दादा अकरा वर्षं कौलांच्या कारखान्यात चिखल तुडवत होता. अनवाणी, गुडघ्याइतक्या चिखलात. तळपायाला सारखी खाज सुटायची त्याच्या.

शेजारणीकडून फोन करवला असता, पण तुझा नंबर मी कधी उतरवूनच घेतला नाही. बहिऱ्याला नंबर कशाला, म्हणायचो. आता कपाळावर हात मारतोय.

घरात बुटांचा जोड एकच होता. तो घालून मी शाळेत जायचो, त्याच्या मजुरीवर शिकायचो. पुढे त्याने दुकान थाटलं, तेव्हा एक गिऱ्हाईक चारचौघांत म्हणालं, चिखल तुडवणारा आता आमच्या पायांचं माप घेणार! त्या दिवशी दादाने मला गळ्याची शपथ घातली, की मुलांना हे कधी कळता कामा नये. ती मी आज मोडतोय. रागावला तर रागावू दे, रागवायला माणूस तर हवा.

पळ. आशीर्वाद आहेतच.
तुझा काका

९ मार्च

ती. स्व. काकांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन मी जिना धावतच चढले. बाईंनी लगेच बाबांचा खोकल्याचा बेडका तपासायला लावला. सूक्ष्मदर्शकात मलाही दाखवलं. धाग्याएवढ्या अळ्या वळवळत होत्या. ओल्या मातीतला हा जंत तळव्याच्या कातडीतून शिरतो आणि अंगातच वाढत पन्नास वर्षंही गुपचूप राहतो, म्हणाल्या. अंगाची ताकद त्याला आवरून असते. स्टेरॉइडने तीच दाबली, आणि जंत आतड्यातून फुप्फुसापर्यंत उधळले. जाताना आतड्यातले जंतू रक्तात नेले.

म्हणजे डोस वाढवून आम्ही आगीत तेल ओतत होतो. आता स्टेरॉइड कमी करताहेत, जंतांचं औषध रोज चालू आहे. अजून काही सांगता येत नाही म्हणतात. माझ्या एका हसण्याने दोन दिवस फुकट गेले, हे मला सलत राहणार.

तुमची,
भिंगरी

३० मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

झोपूनच लिहितोय, अक्षराला हसू नकोस. काल ऑक्सिजन काढला. घरी जायला आठवडा आहे.

शपथ मोडलीस. भिंगरीच्या समोर तुला चार शिव्या घातल्या आणि मग रडलो, तीही रडली. लाजेखातर जीव घालवणार होतो मी. बाईंनी विचारलं तेव्हा शुद्धीत होतो रे, सगळं ऐकू येत होतं.

काल बाईंनी आणखी विचारलं, की भावालाही तपासायला हवं का, तोही त्या चिखलात उतरायचा का. या वेळी मी भिंतीकडे वळलो नाही. म्हटलं, मी उतरायचो. त्याला अकरा वर्षांत एक दिवसही उतरू दिलं नाही. हे कुणाला तरी मोठ्याने सांगायचं होतं, इतकी वर्षं.

ये भेटायला, वाट बघतो.
तुझा दादा