तुझ्या फोटोखालचे शब्द

माय,

बाहेर चारचौघांत मी तुला आई म्हणायला लागले, ते तुला कधीच आवडलं नाही. म्हणून इथे तरी माय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात तू मला थेट माझ्या कामावर भेटलीस, भिंतीवर, चांगली चार हात मोठी. तेव्हापासून मला धड झोप नाही.

मी काय काम करते ते तुला नीट सांगायचं राहूनच गेलं होतं. अमरावतीच्या ज्या ग्रंथालयात मी आहे, तिथे एका बंद पडलेल्या वर्तमानपत्राने आपले सगळे फोटो देऊन टाकले. हजारो फोटो संगणकात भरलेले, पण कोण, कुठलं, कशाचं, काही पत्ता नाही. एकेक उघडून माहिती लिहायची तर आमच्यापैकी निम्मे निवृत्त होतील. म्हणून एक प्रोग्राम आणला. तो फोटोबरोबर छापलेली बातमी वाचतो, तिच्यातले वजनदार शब्द उचलतो आणि फोटोखाली लावतो. फोटो त्याला दिसत नाही, तो फक्त मजकूर वाचतो. तुझ्या स्वयंपाकघरात चहापत्तीच्या डब्यात तूरडाळ असायची आणि मिठाच्या बरणीत हळद. हा प्रोग्राम तुझ्याकडे आला असता तर त्याने वरचं लेबल वाचून डाळीचा चहा केला असता. त्याने सुचवलेले शब्द माणसाने फोटो बघून तपासायचे असा नियम आहे. ते माणूस म्हणजे मी. दिवाळीच्या सुटीला निघायची घाई होती, एक गठ्ठा उरला होता. मी एकही फोटो न उघडता 'सर्व मान्य' दाबलं आणि फराळाचं सामान आणायला गेले.

सुटीनंतर त्या वर्षांवरच्या प्रदर्शनासाठी फोटो निवडायची बैठक झाली. त्या वर्षांवर म्हणजे कापूस कवडीमोल झाला होता, गावोगाव माणसं फवारणीचं औषध पीत होती आणि दिल्ली-मुंबईच्या गाड्या कॅमेरे घेऊन वऱ्हाडात फिरत होत्या, त्या वर्षांवर. एकामागून एक फोटो भिंतीवर येत होते. आणि तू आलीस. वरूडच्या संत्र्यांच्या शेडमध्ये ढिगापुढे बसलेली, कपाळाला हात. खाली शब्द: शेतकरी, आत्महत्या, विधवा. पुण्याहून आलेले सर म्हणाले, "काय वेदना आहे हो डोळ्यांत! आणि बघा, प्रोग्रामने अचूक पकडलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माय, तुझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. हातात मनगटापासून वर हिरव्या बांगड्या होत्या. यंत्र आंधळं होतं, त्याला माफ. आम्ही सगळे डोळस तिथे बसलो होतो.

त्या दिवशी मी तुझ्याजवळच होते, कॉलेजला सुटी म्हणून तुला डबा घेऊन आले होते. आंबिया बहराची संत्री निघत होती. शेडमध्ये बायांची बडबड, पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज, बाहेर ट्रक लागलेला. फोटोवाला आला, तशी तू पदर सावरून झकास हसलीस. तो म्हणाला, "बाई, हसू नका. जरा चिंतेत बसा." तुला ते इतकं मजेशीर वाटलं की तू बाजूच्या बाईला कोपर मारलंस, "पाह्य वो, चिंता पायजे म्हनते याले!" आणि कपाळाला हात लावून दाखवलास, "असं बसू का?" शेड हसत होतं. तेवढ्यात त्याने बटण दाबलं.

फोटो छापून आला तो विधवांवरच्या बातमीत. आपल्याकडे शेत नव्हतंच, तुळशीपुरती माती होती, आणि बाबा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. अकोल्याची मावशी मिळेल ती गाडी पकडून शेंदूरजनाघाटला आपल्या घरी आली आणि फाटकातूनच तिने हंबरडा फोडला. बाबा ओट्यावर चहात टोस्ट बुडवत होते. घाबरून म्हणाले, "काय झालं वो? कोन गेलं?"

"तुमी!" मावशी म्हणाली.

"मी? मले तं कोनी सांगतलंच नाही."

मावशी रडता रडता हसायला लागली, मीही हसले. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन अमरावतीला त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलीस. टेबलामागचा माणूस तसा सभ्य होता. म्हणाला, "बातमीत तुमचं नाव नाही, मग दुरुस्ती कशाची करू? फोटो प्रातिनिधिक आहे."

तू माझ्याकडे वळलीस. "प्रातिनिधिक मंजे काय वो?"

"म्हणजे कोणाचाही," मी हळूच म्हणाले.

"कोनाचाही कसा? तोंड तं माह्यं हाय. कुंकू माह्यं हाय, छापखान्याचं नाही. माहा मालक जिता हाय. अन् ज्यायचं खरंच गेलं, त्या बायायले काय वाटन?" तुझा आवाज चढला होता. दोन-चार माणसं माना वळवून बघू लागली, त्यात माझ्या कॉलेजातला एक मुलगा होता असं मला वाटलं. मी तुझा हात ओढला. "आई, चल ना. लोक बघताहेत."

परतीच्या बसमध्ये मोर्शी आल्यावर तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "त्यायनं आयकलं नाही, त्याचं काही नाही. तू काहून गप होती? अन् मी आई कवापासून झाली?"

तू गेलीस तेव्हा बायांनी तुला हिरवा चुडा भरला, कपाळी मळवट भरला, आणि बाबा पायाशी उभे होते. सवाष्ण गेलीस. मला तेव्हा त्या टेबलामागच्या माणसाची आठवण झाली आणि त्याला शिव्या घालाव्याशा वाटल्या. आता कुणाला घालू? त्याने एकदा केलं, ते मी पुन्हा केलं, तेही न बघता.

बैठकीत लगेच बोलले असते तर सोपं होतं. पण मान डोलावून झाल्यावर, ही माझी माय आहे असं कसं म्हणू? आणि खरं सांगायचं तर अडचण तेवढीच नव्हती. आमचा संत्र्यांचा व्यवसाय होता, असं मी इथे पहिल्याच वर्षी सांगून ठेवलेलं आहे. लोक आम्हाला बागायतदार समजले, मी समजू दिलं. भिंतीवर तू मजुरीला बसलेली होतीस, पायात तुटक्या चपला. माय, मला तुझी लाज वाटली. या वयात, तू नसताना, मला लाज वाटली, आणि त्या लाजेची लाज वाटून मी दोन दिवस जेवले नाही.

मग दुरुस्ती केली. शेतकरी, आत्महत्या, विधवा, तिन्ही शब्द काढले. संत्री, वरूड, महिला कामगार, हे घातले. दुरुस्तीला आधार द्यावा लागतो. मी लिहिलं, "सदर स्त्रीच्या कपाळी कुंकू व हाती हिरव्या बांगड्या स्पष्ट दिसतात." सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. "याला म्हणतात बारीक नजर. यंत्राला हे जमायचं नाही." मी थँक्यू म्हटलं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते एक बरं आहे. पत्ता असता तर मी ते पेटीत टाकलं असतं, असं छातीठोक सांगता येत नाही.

काल बाबांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, प्रोग्रामची चूक सांगितली, माझी वगळली. ते आता थकलेत, पण जीभ तशीच आहे. "दुसऱ्यांदा मेलो का मी? अन् याही खेपेला मले पत्ता नाही!" खूप हसले. मग म्हणाले,

"अन् नाव टाकलं ना तिचं? तवा त्यायनं म्हटलं होतं ना, नावच नाही तं दुरुस्ती कायची. आता तं तूच हायेस तिथं."

फोटोखाली व्यक्तीच्या नावाचा रकाना असतो. तुझ्या रकान्यात 'अज्ञात' असं लिहिलेलं आहे. ते प्रोग्रामने लिहिलेलं नाही.

"टाकलं, बाबा," मी म्हटलं.