डोंगरातली

अहो,

हे पत्र कुठं पाठवायचं ते कळत नाही, तरी लिहिते. तुमची बोट परत आली नाही, तेव्हापासून आई माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत.

मी जव्हारकडची, म्हणून चिंचणीत आल्यापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. 'डोंगरातली' म्हणायच्या. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकताना एक जरी निसटला, तरी अख्ख्या आळीला ऐकू जायचं.

आता मी सांडते, मीठ विसरते, आणि त्या गप्प. घरात त्यांच्या जागी कुणी परकी बाई वावरतेय असं वाटतं. मला तिची भीती वाटते.

आज मी मुद्दाम दोरी सोडली. सगळे बोंबील वाळूत पडले. आई समुद्राकडे पाठ करून बसल्या होत्या. उठल्या, एकेक बोंबील वेचून धुवायला लागल्या. म्हणाल्या, "राहू दे पोरी, दमलीस तू. आता आपुन दोघीच हाव."

मी त्यांच्या हातातून बोंबील हिसकावून घेतले.

तुम्ही या. आल्यावर आधी त्यांना माझ्यावर ओरडायला सांगा.

तुमची,
डोंगरातली